दगडाला दोन प्रश्न

रस्त्याच्या कामासाठी ओतलेला खडीचा ढीग हे महाराष्ट्रातले सर्वांत स्वस्त भूविज्ञान संग्रहालय. तिकीट नाही, ‘हात लावू नये’ची पाटी नाही, आणि मांडलेली प्रत्येक वस्तू नुकतीच फोडलेली. या शेवटच्या गोष्टीला फार किंमत आहे. डोंगरात उघड्यावर पडलेल्या दगडाने हजारो पावसाळे सोसलेले असतात. त्याच्या अंगावर गंजाची, शेवाळाची, मातीची साल चढलेली असते. ती साल पाहून दगडाचे नाव सांगणे म्हणजे रेनकोट पाहून माणूस ओळखणे. म्हणून भूवैज्ञानिकाच्या हातात भिंगाच्या आधी हातोडी येते. खडीच्या बाबतीत ते काम क्रशरने आपल्यासाठी करून ठेवलेले असते.

पुण्यात, नाशकात, सोलापुरात, अकोल्यात, कुठल्याही ढिगातला एक तुकडा उचला. काळपट, बारीक पोताचा, आणि आकाराच्या मानाने हाताला जड. लोक त्याला काळा दगड म्हणतात, काळा पाषाण म्हणतात, जागेवर असला तर कातळ म्हणतात. पुस्तकात तो बसाल्ट. पण बसाल्टच कशावरून? काळा आहे म्हणून? काळा तर आपल्या जुन्या ओट्यावरचा कडप्पाही असतो, आणि त्याचा बसाल्टशी कसलाही नातेसंबंध नाही.

वितळलेला शिलारस थिजून जो खडक होतो तो अग्निज खडक, ही व्याख्या शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते. हातात तुकडा आला की ती काही कामाची नाही, कारण वितळताना त्याला कोणी पाहिलेले नसते. तुकड्याला बोलते करायचे तर त्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. किती सावकाश थिजलास? आणि कशाचा बनलास? अग्निज खडकांच्या तक्त्यांत भीती वाटावी इतकी नावे असतात, पण त्यांतली बहुतेक नावे या दोन उत्तरांच्या जोड्या आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. साखरेचा पाक घ्या. भांड्यात दोरे सोडून तो न हलवता दिवसेंदिवस निवू दिला तर खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात. तोच पाक कडक करून गार फरशीवर ओतला तर काचेसारखा थर होतो. त्यात शेंगदाणे असले की चिक्की. फेसाळलेला पाक थेंबाथेंबाने टाकून चटकन थिजवला की आत पोकळ्या असलेला बत्तासा. माल एकच. फरक थिजायला मिळालेल्या वेळेचा.

शिलारसाचेही हेच. जमिनीखाली काही किलोमीटर खोल अडकलेला शिलारस निवायला लाखो वर्षे घेतो. भोवतीचा खडक त्याच्यासाठी गोधडीचे काम करतो. तेवढ्या वेळात खनिजांचे कण तांदळाएवढे, वाटाण्याएवढे होतात. नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे मोजता येतील असे कण दिसले, की तो खडक खोलात थिजला असे खुशाल समजावे. ग्रॅनाइट हे त्याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. जमिनीवर सांडलेल्या लाव्ह्याला एवढी उसंत नसते. कण धरतात, पण भिंगाशिवाय, कधी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. बसाल्ट या जातीचा. अगदीच झटक्यात निवला तर कणच धरत नाहीत आणि ऑब्सिडियन नावाची नैसर्गिक काच मिळते. आणि फेसासकट थिजलेला रस म्हणजे प्यूमिस. पाय घासायची वजरी म्हणून जो हलका, छिद्राछिद्रांचा दगड विकतात, तो खरा असेल तर प्यूमिस असतो. पाण्यात टाकून पाहा, तरंगेल.

‘चटकन’ हा शब्दही इथे जपून घ्यायला हवा. हवाई बेटांवर १९५९ साली किलाउएआ ज्वालामुखीच्या शेजारच्या एका विवरात शंभर मीटरहून खोल लाव्ह्याचा तलाव साचला. वर काही दिवसांतच चालता येईल अशी साय धरली. शास्त्रज्ञ त्या सायीवर यंत्रे नेऊन भोके पाडत राहिले. तळापर्यंत तो तलाव घट्ट व्हायला तीन दशकांहून जास्त काळ लागला. भूविज्ञानाच्या हिशेबात हे चटकनच.

थिजण्याचा वेग आणि कणांचा आकार यांचा हा संबंध आज उघड वाटतो, पण त्यासाठी युरोपात पिढीभर भांडण झाले. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाण अकादमीत आब्राहाम वेर्नर शिकवत असे. खनिजे ओळखण्यात त्याचा हात धरणारा त्या काळात कोणी नव्हता, आणि तोच ठामपणे सांगे की बसाल्ट हा पाण्यात साचलेला गाळ आहे. सॅक्सनीतल्या टेकड्यांवर बसाल्टचे थर गाळाच्या खडकांवर आडवे पसरलेले दिसत, जवळपास ज्वालामुखी नव्हता, त्यामुळे त्याला तसे वाटणे अगदीच वेडेपणाचे नव्हते. फ्रान्समध्ये निकोला देमारे याने ओव्हेर्न्य भागात बसाल्टचे खांब पाहिले आणि त्यांचा माग काढत तो विझलेल्या ज्वालामुखीपर्यंत पोहोचला. स्कॉटलंडमध्ये जेम्स हटन याने १७८५ साली ग्लेन टिल्टच्या ओढ्यात पाहिले की ग्रॅनाइटच्या शिरा आजूबाजूच्या खडकात घुसल्या आहेत. घुसायचे तर ग्रॅनाइट कधीतरी पातळ असला पाहिजे.

विरोधकांचा मुद्दा सरळ होता: खडक वितळवून थंड केला तर काच मिळते, मग दगड वितळलेल्या रसाचा कसा? हटनचा तरुण मित्र जेम्स हॉल याने ऐकले होते की लीथच्या काचकारखान्यात एकदा काचेचा रस चुकून फार सावकाश निवला आणि काचेऐवजी अपारदर्शक दगडासारखा गोळा मिळाला. त्याला हाच प्रयोग खडकावर करायचा होता. हटनला भट्टीत निसर्गाची नक्कल करण्याची कल्पना पसंत नव्हती. हॉलने मित्राचा मान राखला आणि १७९७ साली हटन वारल्यावर पुढच्याच वर्षी आपले निष्कर्ष एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे वाचले. बसाल्टी दगड भट्टीत वितळवून झटकन थंड केला तर काच झाली, सावकाश थंड केला तर पुन्हा दगड. चिक्की आणि खडीसाखर! वेर्नरच्या हुशार विद्यार्थ्यांनीही पुढे एकेक करून बाजू बदलली.

कधी दगड दोन वेगांची साक्ष एकाच वेळी देतो. शिलारस वर येता येता वाटेत कुठेतरी मुक्काम करतो. तिथे काही खनिजांचे मोठे स्फटिक धरतात. मग उरलेला पातळ रस त्या स्फटिकांना घेऊन जमिनीवर येतो आणि भराभर निवतो. बारीक पोताच्या दगडात मोठे दाणे रुतलेले दिसतात, खिरीत बेदाणे दिसावेत तसे. सह्याद्रीत याचा एक थाटमाट आहे. कसाऱ्याच्या घाटात किंवा मंचरजवळच्या गिरवलीच्या डोंगरात, जिथे पुण्याच्या ‘आयुका’ची वेधशाळा आहे, अशा काही ठिकाणी काळ्या बसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्स्पारचे काही सेंटिमीटर लांबीचे फिकट पट्टे आडवेतिडवे पसरलेले दिसतात. ओल्या मातीतून कोंबड्या नाचून जाव्यात तशी नक्षी. गाडीतून उतरून पाहावे असे हे दृश्य आहे. बहुतेक लोक फक्त धबधब्यासाठी उतरतात.

आता दुसरा प्रश्न: कशाचा बनलास? इथे मुख्य पात्र सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. वाळूत आणि गारगोटीत तेच असते. खडकाच्या वजनात सिलिका ६३ टक्क्यांहून जास्त असली तर त्याला आम्ल खडक म्हणतात, ५२ ते ६३ असली तर मध्यम, ४५ ते ५२ असली तर अल्पसिलिक किंवा अल्कधर्मी, आणि ४५ हूनही कमी असली तर अतिअल्पसिलिक. ‘आम्ल’ हा शब्द जुन्या रसायनशास्त्राची चूक आहे. सिलिका हे एका आम्लाचे रूप आहे असे एके काळी मानत. ते मत गेले, शब्द राहिला. ग्रॅनाइट चाटून आंबट लागत नाही.

सिलिकेचे प्रमाण हातात धरून कळत नाही, पण ते कण दाखवतात. सिलिका भरपूर असली की गारगोटीचे काचेसारखे करडे दाणे, गुलाबी किंवा दुधी फेल्स्पार आणि थोडे अभ्रक, असा फिकट, वजनाला हलका खडक होतो. सिलिका कमी आणि लोह-मॅग्नेशियम जास्त असले की पायरॉक्सीन, ऑलिव्हीन ही गडद खनिजे येतात आणि खडक काळा-हिरवा, जड होतो. ग्रॅनाइटची घनता पाण्याच्या साधारण २.६५ पट, बसाल्टची २.९ ते ३ पट. दोन्हींचे सारख्या मापाचे तुकडे दोन हातांत घेतले तर फरक तळव्यांना कळतो. दोऱ्याला बांधलेले छोटे, ताकदवान चुंबक बसाल्टजवळ नेले तर किंचित ओढलेही जाते, कारण त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात.

दोन्ही उत्तरे जुळवली की नावे आपोआप पडतात, आणि ती जोडीने पडतात. सिलिका भरपूर असलेला रस खोलात थिजला तर ग्रॅनाइट, जमिनीवर थिजला तर ऱ्हायोलाइट. मध्यम सिलिकेचा खोलात डायोराइट, वर अँडेसाइट. हे दुसरे नाव अँडीज पर्वतावरून आले. कमी सिलिकेचा खोलात गॅब्रो, वर बसाल्ट. म्हणजे आपल्या खडीतला काळा दगड जमिनीखालीच अडकून सावकाश निवला असता तर त्याला आपण गॅब्रो म्हटले असते.

आणि तसा तो अडकलाही आहे. गिरनारला दत्ताच्या पादुकांच्या दर्शनाला महाराष्ट्रातून हजारो माणसे जातात. ज्या पायऱ्या चढून पोटऱ्या भरून येतात, त्या डोंगराचा गाभा दख्खनच्या लाव्ह्यांच्याच काळातल्या, पण वर न पोहोचता आतच थिजलेल्या शिलारसाचा आहे. तिथे गॅब्रो आहे, डायोराइट आहे, कण डोळ्यांनी दिसतात. वरचे आवरण झिजून गेले म्हणून तो उघडा पडला. पावागडला कालिकामातेच्या दर्शनाला जाणारे मात्र पायथ्याशी बसाल्ट तुडवतात आणि माथ्याकडे ऱ्हायोलाइट. दोन यात्रा केल्या की तक्त्याचे बरेच रकाने भरतात.

रंगाचा भरवसा किती धरावा? बराच, पण डोळे मिटून नाही. ऑब्सिडियन काळीकुट्ट दिसते, तरी बहुतेक वेळा तिच्यात सिलिका ग्रॅनाइटइतकी असते. काचेत विखुरलेले अतिसूक्ष्म गडद कण तिला काळे करतात. आकारही असाच दगा देतो. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेला माणूस उभे पैलूदार खांब दिसले की बसाल्ट म्हणून मोकळा होतो. ती टेकडी बसाल्टचीच आहे, साठेक मीटर उंच, चारी बाजूंनी इमारतींनी कोंडलेली. पण खांब पडतात ते लाव्हा निवताना आकसून तडकतो म्हणून. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो, त्याचेच हे मोठे रूप. कर्नाटकात मालपेजवळ सेंट मेरी बेटांवरही तसेच खांब आहेत आणि तो लाव्हा बसाल्टपेक्षा कितीतरी जास्त सिलिकेचा, ऱ्हायोलाइटच्या जवळचा आहे.

सर्वांत मोठा घोळ मात्र निसर्ग घालत नाही, फरशीचे दुकानदार घालतात. ओट्यासाठी ग्रॅनाइट पाहायला गेलात की ज्याला पॉलिश चढते आणि जे सुरीने ओरखडत नाही ते सगळे ‘ग्रॅनाइट’. त्यातला दक्षिणेतून येणारा एकसारखा काळा ‘ग्रॅनाइट’ बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. म्हणजे आपल्या खडीचाच सावकाश निवलेला भाऊ. निळसर चमक मारणारा ‘ब्लू पर्ल’ नॉर्वेतल्या लार्विक गावचा लार्विकाइट. त्यात गारगोटी जवळजवळ नसते. लाटालाटांचे पट्टे असलेले कितीतरी नमुने तर अग्निज म्हणवण्याच्याही पलीकडे गेलेले, दाब आणि उष्णतेने बदललेले नाइस. माझी याबद्दल तक्रार नाही. दुकानदाराला दगडाचा जन्म विकायचा नसतो, टिकाऊपणा विकायचा असतो. फक्त काळ्या ओट्याकडे बोट दाखवून मुलांना ग्रॅनाइट शिकवू नये.

मग ग्रॅनाइट म्हणायचे तरी कशाला? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही सुटता सुटत नव्हता. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात ज्याला जिथे नवा दगड दिसला त्याने त्या गावाचे नाव त्याला ठेवले. अग्निज खडकांची नावे दीड हजारांच्या पुढे गेली. एकाच दगडाला तीन नावे, एकाच नावाचे तीन दगड. स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट स्ट्रेकायझन यांनी हा पसारा आवरायला घेतला आणि १९७० नंतर आंतरराष्ट्रीय समिती नेमून काही वर्षांत एक सामाईक रीत ठरली. मोठ्या कणांच्या खडकात गडद खनिजे बाजूला ठेवायची आणि चार फिकट खनिजांचे प्रमाण मोजायचे: गारगोटी, अल्कली फेल्स्पार, प्लॅजिओक्लेज फेल्स्पार, आणि फेल्स्पॅथॉइड नावाची सिलिका कमी पडलेली खनिजे. गारगोटी आणि दोन फेल्स्पार यांच्या बेरजेत गारगोटी २० ते ६० टक्के, आणि फेल्स्पारांमध्ये प्लॅजिओक्लेजचा वाटा १० ते ६५ टक्के असला तरच ग्रॅनाइट.

आकृतीत हे चार घटक पतंगासारख्या चौकोनाच्या चार टोकांवर मांडतात. गारगोटी वरच्या टोकाला, फेल्स्पॅथॉइड खालच्या टोकाला, आणि मधल्या आडव्या रेषेच्या दोन टोकांना दोन फेल्स्पार. चौकोनाच्या वरच्या अर्ध्या भागातला दगड खालच्या भागात कधीच सापडत नाही, आणि त्यामागचे कारण मला फार आवडते. पंगतीत वाढायला सिलिका उरली असेल तर कोणतेही खनिज अर्धपोटी उठणार नाही. नेफेलीनसारखे फेल्स्पॅथॉइड उरलेली सिलिका घेऊन फेल्स्पार होऊन जाईल. गारगोटी म्हणजे पातेल्यात उरलेली सिलिका. नेफेलीन म्हणजे उपाशी उठलेला पाहुणा. दोघे एका पंगतीत दिसत नाहीत. म्हणून एखाद्या दगडात गारगोटी दिसली की नेफेलीन शोधायचे कष्ट वाचतात.

कण दिसतच नसतील तर? त्यासाठी दगडाचा काप काढतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री सॉर्बी याने १८५०च्या दशकात दगड घासून घासून इतका पातळ केला की त्यातून उजेड आरपार गेला. आज प्रमाण जाडी ०.०३ मिलिमीटर. ध्रुवीकृत प्रकाशात पाहिले की आपला काळा, मुका बसाल्ट एकदम बोलू लागतो: प्लॅजिओक्लेजच्या करड्या-पांढऱ्या पट्टेरी काड्या, त्यांच्या मधे पायरॉक्सीनचे पिवळे-निळे-जांभळे तुकडे, मधूनच मॅग्नेटाइटचे काळे ठिपके. पर्वताचा अभ्यास सूक्ष्मदर्शकाने करायला निघाल्याबद्दल सॉर्बीची तेव्हा थट्टा झाली होती.

कापातही काच निघाली, तर रसायनशाळेला शरण जावे लागते. सिलिका किती, आणि सोडियम-पोटॅशियम मिळून किती, हे दोन आकडे आलेखावर टाकले की ज्वालामुखी खडकाचे नाव ठरते. ४५ ते ५२ टक्के सिलिका आणि क्षार बेताचे, तर बसाल्ट. अमेरिकेच्या हेन्री वॉशिंग्टन याने १९२२ साली दख्खनच्या दगडांची पृथक्करणे जगातल्या इतर बसाल्टी पठारांशेजारी ठेवून प्रसिद्ध केली. त्याच्याही आधी, १८३३ साली, मुंबई सैन्यातला कर्नल सायक्स याने दख्खनच्या या खडकांचे वर्णन लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात छापले होते. पायरीला स्वीडिश भाषेत ‘ट्रापा’ म्हणतात, त्यावरून अशा खडकांना ट्रॅप म्हणण्याची पद्धत पडली. पावसाळ्यानंतर लोणावळ्याच्या गाडीत डावी-उजवी खिडकी कुठलीही मिळाली तरी त्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोंढा, किंवा एकाच लोंढ्याचा एक पदर.

आणि इथे आपले दोन्ही प्रश्न थकतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सांडलेला हा लाव्हा आज पाच लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. भुसावळला एके काळी कोळशाच्या शोधात खोल भोक घेतले, तर कोळशाऐवजी एकावर एक २९ लोंढे लागले. सगळे जमिनीवर निवलेले, सगळे बसाल्ट. पहिल्या प्रश्नाला सगळ्यांचे उत्तर एक, दुसऱ्यालाही एक. जुळ्यांच्या जत्रेत एकेकाला नावाने हाक कशी मारायची?

१९८०च्या दशकात मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव आणि देशोदेशींचे संशोधक यांनी घाटाघाटांतून पायथ्यापासून माथ्यापर्यंत नमुने गोळा केले आणि टायटॅनियम, बेरियम, स्ट्राँशियम यांसारख्या किरकोळ प्रमाणातल्या मूलद्रव्यांवरून लोंढ्यांची घराणी ठरवली. नावे ऐका: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या पाट्या वाटाव्यात, पण जगभरच्या शोधनिबंधांत हीच नावे जशीच्या तशी येतात. बुशेच्या लाव्ह्यात टायटॅनियम कमी, शिवाय वाटेत त्याने भूकवचाचे तुकडे खाऊन आपली चव बदलून घेतली. अंबेनळीच्या लाव्ह्यात ही भेसळ सर्वांत कमी. कोंबड्यांच्या पायांची नक्षी असलेले ते बसाल्टही इथे मैलाच्या दगडासारखे उपयोगी पडले. कित्येक घराण्यांच्या सीमेवर ते उभे आहेत.

या खटाटोपाचा फायदा फार लांब दिसला. आंध्रात गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रीजवळ, बसाल्टचा एक छोटा एकाकी तुकडा आहे. दख्खनच्या पठारापासून तो तुटलेला. त्याचे रसायन पाहिले तर ते अंबेनळी आणि महाबळेश्वरच्या घराण्यांशी जुळते. आजचे बहुसंख्य मत असे की सह्याद्रीच्या परिसरातून निघालेला लाव्हा जुन्या नदीखोऱ्यांतून हजार किलोमीटरच्या आसपास वाहत तिथवर पोहोचला. नुसत्या डोळ्यांनी हे नाते कुणाला कधीच दिसले नसते.

अग्निज नसलेले तोतयेही ओळखता आले पाहिजेत. कोकणातला जांभा भोकाभोकांचा, तांबडा. नवखा माणूस त्याला हमखास लाव्हा म्हणतो. तो लाव्हा नव्हे. कोकणात बराच जांभा बसाल्टच कुजून तयार झाला आहे: पावसाने बाकीचे धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. लाव्ह्याची पोकळी वायूच्या बुडबुड्याची, म्हणून गोल किंवा लंबगोल आणि गुळगुळीत भिंतीची. जांभ्याची वाकडीतिकडी, नळ्यांसारखी, मातीने भरलेली. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडक. सुरीने खरवडून त्या भुकटीवर लिंबू पिळा, फसफसेल. ज्या गृहिणीच्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा डाग पडला, तिने ही परीक्षा नकळत घेतलेलीच असते. आणि ‘आकाशातून पडलेला दगड’ म्हणून जे जड, भोके पडलेले तुकडे मोठ्या विश्वासाने दाखवायला आणतात, ते पुष्कळदा जुन्या लोखंडी भट्टीचे कीट निघते. आणणाऱ्याचा चेहरा पाहून ते सांगणे जिवावर येते.

बुडबुड्यांच्या पोकळ्या आपल्याकडे बहुधा रिकाम्या राहत नाहीत. मुरलेल्या पाण्याने त्यांत हळूहळू झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट भरले. खडीत काळ्या तुकड्यावर पांढरे, हिरवट, गुलाबी ठिपके दिसतात ते हेच. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून निघालेला निळाभोर कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत आहे. खाणकामगार मात्र अशा दगडाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ठिपक्यांचा दगड खडीला कच्चा, चिऱ्याला नालायक.

खाणकामगार दगडाची परीक्षा कानाने घेतो. घणाचा हलका टोला मारायचा. टणटण वाजला तर दगड पक्का, बद्द आवाज आला तर आत भेग आहे किंवा दगड कुजला आहे. वडार आणि पाथरवट यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वर्गीकरणात दगडाचा जन्म येत नाही, वागणूक येते: कोणता घाव सोसेल, कोणता पदराने सुटेल, कोणत्या दगडाच्या जात्याला टाकी लावल्यावर ती वर्षभर टिकेल. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात बसाल्टच्या डोंगरातून माथ्याकडून खाली कोरत आणले, तेव्हा सिलिकेची टक्केवारी कुणाला ठाऊक नव्हती. विहीर खणणारेही असेच. पाणी बहुधा दोन लोंढ्यांच्या सांध्याला किंवा भेगाळलेल्या थरात लागते, हे त्यांना पहारीच्या अनुभवाने कळते. शास्त्राची नावे शिकताना ही वर्गवारी टाकून देऊ नये. दोन्ही याद्या एकाच दगडाच्या आहेत, प्रश्न वेगळे विचारले एवढेच.

आपल्या दोन प्रश्नांची दोन टोकांची उत्तरे एकाच जागी पाहायची तर कोयनेला जावे लागेल. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर त्या भागात धक्के थांबले नाहीत, आणि त्यांचा उगम समजून घेण्यासाठी पुढे तिथे खोल भोके घेण्यात आली. कोयनेजवळ रासाटीच्या पहिल्या भोकातून दीड किलोमीटरहून अधिक लांबीचे दगडाचे नळकांडे बाहेर काढले. वरून खाली ९३२.५ मीटर सगळा काळा बसाल्ट, लोंढ्यावर लोंढा: भराभर निवलेला, सिलिका कमी. त्याच्याखाली मधे गाळाचा खडक नाही, काही नाही, थेट फिकट, मोठ्या कणांचे ग्रॅनाइट आणि नाइस: सावकाश निवलेले, सिलिका भरपूर. वरचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. खालचा अडीचशे कोटी वर्षांहून जुना.